ग्वाल्हेर दोन दिवसांत: किल्ला कोणत्या दारातून चढायचा आणि शहरात काय गाळायचं?

गोदाकाठ
नाशिकहून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतोय, ग्वाल्हेरला दोन पूर्ण दिवस मिळणार आहेत. चार जण आहोत: आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सहासष्ट वर्षांची आई. आईच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही, सपाटीवर मात्र ती तास-दीड तास आरामात चालते. किल्ला, जयविलास राजवाडा आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी पक्की. याद्या भरपूर मिळाल्या, पण कशानंतर काय करायचं ते कुणीच सांगत नाही. उतरायचं कुठे, गाडी कुठवर जाते, काय सोडलं तर चालेल? तिथल्या मराठी मंडळींनी सांगितलं तर बरं होईल.

लष्करवाला
आधी शहराची मांडणी लक्षात घ्या. ग्वाल्हेर म्हणजे एका लांबट डोंगराभोवतीची तीन गावं. डोंगराच्या पूर्व-उत्तर पायथ्याला जुनं ग्वाल्हेर (हजिरा, सूफी संत मुहम्मद घौसचा मकबरा, गुजरी महाल). दक्षिणेला लष्कर, म्हणजे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली तिथे वाढलेलं शहर. आपली बहुतेक मराठी वस्ती इथेच. आणि पूर्वेला मुरार, जुनं कॅन्टोन्मेंट. स्टेशन या तिन्हींच्या मधोमध आहे. डोंगर जवळजवळ तीन किलोमीटर लांब आणि शंभर मीटर उंच असल्याने एका बाजूचं ठिकाण सकाळी आणि दुसऱ्या बाजूचं लगेच नंतर घेतलं, की दरवेळी डोंगराला वळसा पडतो. लोकांचा दिवस नेमका यातच जातो. ठिकाणं बाजूनिहाय बांधा, प्रसिद्धीनिहाय नको.

उतरायला पडाव–फूलबाग परिसर सोयीचा. स्टेशन जवळ, समाधी आणि जयविलास हाकेच्या अंतरावर, किल्ल्याची दोन्ही दारं साधारण सारख्याच लांब. महाराज बाडा या लष्करातल्या चौकाजवळची हॉटेलं स्वस्त पडतात, पण संध्याकाळी तिथे गाडी दारापर्यंत येत नाही आणि सामान उचलून चालावं लागतं. आई बरोबर असताना ते नको.

गोपाचल_पायथा
किल्ल्याला पर्यटकांच्या कामाची दारं दोन. पूर्वेचा ग्वाल्हेर दरवाजा, त्यालाच आलमगिरी दरवाजा म्हणतात, आणि पश्चिमेचा उरवाई दरवाजा. पूर्वेकडून फक्त पायवाट आहे, दगडी फरसबंदीचा सलग चढ, वाहनांना बंदी. पश्चिमेकडून डांबरी रस्ता थेट वर पठारावर जातो. शंभरातले नव्वद लोक गाडीने उरवाईतून वर जातात आणि तिथूनच खाली येतात. त्यामुळे किल्ल्याचा दर्शनी चेहरा त्यांना दिसतच नाही.

कारण असं: मानसिंह तोमराने (राज्यकाल 1486–1516) बांधलेल्या मानमंदिर राजवाड्याची ती निळ्या फरशांची भिंत पूर्वेकडे तोंड करून कड्याच्या अगदी काठावर उभी आहे. आत चौकात फिरताना ती पाठीशी असते. ती बघायची तर खालून चढत हाथी पोळेच्या, म्हणजे सर्वांत वरच्या दाराच्या अलीकडे यायचं आणि मान वर करायची. गोल बुरूज, त्यांवरच्या छत्र्या, निळ्या पट्ट्यात पिवळ्या बदकांची रांग, खाली हत्ती, मगरी आणि हिरवी केळीची झाडं. जिथे फरशी पडली आहे तिथे तिच्या मापाची उथळ खाच दगडात दिसते, म्हणजे रंग कसा बसवला होता तेही कळतं. सकाळी ऊन थेट भिंतीवर असतं. दुपारनंतर ती सावलीत जाते आणि निळा रंग करडा दिसतो.

याउलट उरवाईच्या घळीतल्या जैन मूर्ती पश्चिमेच्या अंगाला आहेत, तिथे दुपारचं ऊन चांगलं. म्हणून सकाळी पूर्वेकडून वर आणि दुपारी पश्चिमेकडून खाली हाच क्रम.

चढाचे टप्पे: पायथ्याला गुजरी महाल (राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय, सोमवारी बंद), मग एकामागून एक दरवाजे. गणेश दरवाज्यानंतर आणि लक्ष्मण दरवाज्याआधी रस्त्याला लागूनच, एकाच दगडात कोरलेलं चतुर्भुज मंदिर. सर्वांत शेवटी हाथी पोळ. थांबत-बघत पाऊण तास धरा. फरसबंदी पायांनी घासून गुळगुळीत झाली आहे, रबरी तळव्याचे बूट हवेत. डिसेंबरात सकाळी दव असतं आणि चामडी सोल घसरतात.

मुरार_कट्टा
हे सगळं बरोबर, पण त्यांच्या आईंना हा चढ सांगू नका. पायऱ्या नाहीत हे खरं, पण सलग उतार गुडघ्याला पायऱ्यांपेक्षा वाईट, आणि मध्ये टेकायला कठडे सोडले तर काही नाही.

गोदाकाठ, तुम्ही दोन तुकड्या करा. दिवसभरासाठी गाडी ठरवा, रिक्षा नको. रिक्षावाले बहुतेक करून उरवाई दरवाज्याशीच उतरवतात, आणि तिथून पठारापर्यंतचा चढ कमी तीव्र असला तरी लांब आहे. आधी सगळ्यांनी मिळून गुजरी महाल बघा, तो पायथ्यालाच असल्याने आईंनाही जमेल. मग तुम्ही आणि मुलगा पायी वर, त्या दोघी गाडीने वळसा घालून उरवाईतून वर. भेटायचं मानमंदिराच्या तिकीटखिडकीजवळ. गाडी जवळपर्यंत जाते.

गाडी ठरवतानाच "किल्ल्यावर पूर्ण वेळ थांबायचं, सासबहू आणि तेली का मंदिरापाशी पुन्हा न्यायचं" असं स्पष्ट बोलून घ्या. नाहीतर ड्रायव्हर मानमंदिराशी सोडतो आणि बाकीचं दीड-दोन किलोमीटर पठार उन्हात चालत काढावं लागतं.

गोदाकाठ
हे फार उपयोगी झालं, दादा. दोन प्रश्न. वर नेमका किती वेळ लागतो? आणि चतुर्भुज मंदिरातल्या शिलालेखातलं ते प्रसिद्ध जुनं शून्य खरंच दिसतं का? मुलाला त्याचीच उत्सुकता आहे.

लष्करवाला
वर चार तास ठेवा. मानमंदिराला सव्वा तास. तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. ते फेकू नका, पुढच्या मंदिरांपाशीही दाखवावं लागतं. उत्तरेकडचे कर्ण महाल, जहांगीर महाल, शाहजहान महाल आणि जौहर कुंड हे राज्य खात्याकडे, त्यांचं तिकीट वेगळं. वेळ कमी असेल तर त्यांतलं जौहर कुंड बघा (1232 मध्ये इल्तुत्मिशने किल्ला घेतला तेव्हाचा जौहर), बाकी सोडा.

मानमंदिराच्या पोटात दोन मजले आहेत. उन्हाळ्यासाठी बांधले, मोगलांनी तुरुंग केला. औरंगजेबाचा धाकटा भाऊ मुराद बक्ष याच किल्ल्यात कैदेत होता आणि 1661 मध्ये इथेच मारला गेला. जिना अरुंद, वळणाचा आणि पायऱ्या उंच-नीच, त्यामुळे आईंनी वरच्या चौकांतली दगडी जाळी बघत थांबावं. खाली जाणाऱ्याने विजेरी न्यावीच. मोबाइलचा उजेड पायापुरता पुरतो, छतातल्या झोपाळ्याच्या कड्या त्यात दिसत नाहीत. वटवाघळांचा वास असतो, मुलाला आधीच सांगून ठेवा.

पुढे सासबहू मंदिरांची जोडी, पूर्वेच्या कड्यावर. मोठं मंदिर विष्णूचं, कच्छपघात राजा महीपालाच्या वेळचा 1093 चा लेख तिथे आहे. शिखर उरलेलं नाही, पण आतल्या मंडपातले खांब आणि छत निवांत बघा. तिथूनच खाली सगळं शहर दिसतं. मग तेली का मंदिर: सुमारे शंभर फूट उंच, आणि वर नेहमीच्या शिखराऐवजी लांबट, गजपृष्ठासारखं छप्पर. उत्तरेत असं छप्पर क्वचितच भेटतं. ते चौथऱ्याच्या कोपऱ्यावरून तिरकं बघितलं तरच कळतं, समोरून नुसती उंच भिंत वाटते.

दुपारचं जेवण जवळच्या दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात. गुरु हरगोविंदजी जहांगीरच्या हुकुमाने या किल्ल्यात कैदेत होते. स्वतः सुटताना त्यांनी बावन्न राजांना सोबत सोडवलं, ही त्या स्थानाची परंपरा. लंगर सगळ्यांना खुला, डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा.

गणिताची_वही
शून्याबद्दल: दिसतं, पण कुठे बघायचं ते माहीत हवं. मंदिर खोलीएवढं लहान आहे आणि कधी जाळीचं दार लावलेलं असतं. आसपासच्या रखवालदाराला विनंती केली की उघडतात. शिलालेख आतल्या भिंतीवर आहे. विक्रम संवत 933, म्हणजे इ.स. 876. मजकूर दानाचा: फुलबागेसाठी 270 हात लांब आणि 187 हात रुंद जमीन, आणि देवाला रोज 50 माळा. 270 आणि 50 या दोन आकड्यांतलं शून्य आजच्यासारखंच गोल, पण बाकीच्या अंकांहून बारीक. मुलाला आधी कागदावर नागरी अंकांत २७० काढून द्या, म्हणजे भिंतीवर शोधायला सोपं जाईल. अक्षरं उथळ आहेत, विजेरी समोरून न धरता बाजूने भिंतीला चिकटवून धरली की कोरीव काम उठून दिसतं.

गाइड "जगातलं पहिलं शून्य" म्हणून सांगतात, ते मात्र घेऊ नका. कंबोडियात इ.स. 683 च्या समतुल्य शकाचा, शून्य असलेला शिलालेख आहे. चतुर्भुजाचं महत्त्व वेगळं आहे: भारतात दगडावर, स्वच्छ तारखेसकट, स्थानमूल्य पद्धतीने लिहिलेलं आणि आजही जाऊन बघता येणारं शून्य. आणि ते माळांच्या हिशेबात आलं आहे, म्हणजे तेव्हा तो रोजचा व्यवहार झाला होता. मला हे "पहिलं" असण्यापेक्षा मोठं वाटतं.

गोपाचल_पायथा
उतरताना उरवाईत गाडीतून नुसतं बघू नका, उतरा. कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती बहुतेक पंधराव्या शतकातल्या, तोमरांच्या काळातल्या. आदिनाथाची उभी मूर्ती 57 फुटी आहे, पायाशी माणूस उभा असला तरच उंचीचा अंदाज येतो. बाबराने त्या तोडायला लावल्या. चेहरे फोडले गेले, त्यांतले काही जैन समाजाने पुढे गिलाव्यात पुन्हा घडवले. नीट पाहिलंत तर दगडाचा आणि गिलाव्याचा रंग वेगळा दिसतो.

ध्वनिप्रकाश कार्यक्रम मानमंदिरासमोर होतो. आधी हिंदी, नंतर इंग्रजी, वेळ ऋतूप्रमाणे बदलते. डिसेंबरात उघड्यावर बसून थंडी हाडांत शिरते, शाल-कानटोपी नाही तर पांघरूणच न्या. आणि गाडी थांबवूनच ठेवा. संपल्यावर वर वाहन मिळत नाही, आणि पूर्वेची वाट अंधारात मुळीच उतरू नका.

फूलबाग_चौक
दुसऱ्या दिवसाचं सांगते. सकाळी राणी लक्ष्मीबाईंची समाधी, अर्धा-पाऊण तास. मराठी लोक बहुतेक समजतात की राणी इथेच पडल्या. लढाई झाली शहराबाहेर कोटा की सरायला, 17–18 जून 1858 ला. इथे बाबा गंगादासांच्या मठाच्या आवारात अंत्यसंस्कार झाले. म्हणून समाधी बघून लगेच निघू नका, शेजारच्या गंगादासांच्या बड्या शाळेतही जाऊन या. राणीचा देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून तिथले साधू लढले. त्यांच्यासाठी दोन मिनिटं तरी द्यायलाच हवीत.

मग जयविलास. तिकीट महाग आहे, कॅमेऱ्याचं वेगळं असतं, आणि साप्ताहिक सुट्टीचा वार आदल्या दिवशी फोन करून विचाराच. लोक इथेच फसतात. अडीच तास ठेवा. 1874 ची इमारत, मायकेल फिलोज यांची रचना. तळमजला टस्कन, वर डोरिक, त्यावर कोरिंथियन, अशा तीन युरोपीय शैलींचे खांब. दरबार हॉल वरच्या मजल्यावर आहे, आईंना जिना चढावा लागेल. पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या आहेत, सावकाश जमेल. हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत ती पेलेल का ते बघायला आधी वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी मुलाला आवडेल: सिगार-मद्य घेऊन रुळावरून फिरायची, बाटली उचलली की थांबायची.

मराठी माणसाने चुकवू नये ते 2022 मध्ये उघडलेलं मराठा इतिहासाचं दालन. बहुतेक लोक झुंबरं बघून दमतात आणि तिथे पोहोचेपर्यंत घाईत असतात. मी तर म्हणेन, आधी ते बघा. पानिपतानंतर महादजींनी उत्तरेत काय उभं केलं याचा धागा तिथे मिळतो, आणि मग बाकीचा राजवाडा नुसत्या श्रीमंतीचं प्रदर्शन वाटत नाही.

लष्करवाला
आता बाड्याचं. महाराज बाडा भर संध्याकाळी बघायचा चौक नाही. दुकानं अकराच्या सुमारास उघडतात, त्याआधी या. चौकाभोवती टाउन हॉल, घड्याळाचं पोस्ट ऑफिस, स्टेट बँक, जुना सरकारी छापखाना, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखी, प्रत्येकाची बांधणी निराळी. गर्दीत फक्त पाट्या आणि तारा दिसतात, रिकाम्या चौकात दर्शनी भागांची स्पर्धा दिसते. व्हिक्टोरिया मार्केट 2010 च्या आगीत जळलं होतं. दुरुस्तीनंतर तिथे भूविज्ञान संग्रहालय आहे, दहा वर्षांच्या मुलाला तास सहज जाईल. म्हणजे दुसऱ्या दिवशी क्रम असा: आठला बाडा, मग समाधी, मग जयविलास.

बाड्यावरून पायी सराफा, दौलतगंज, जनकगंज असा फेरफटका मारा. शिंद्यांबरोबर आलेल्या सरदारांची नावं वस्त्यांवर अजून आहेत: फालका बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी. गल्लीतले वाडे लाल-पिवळ्या वालुकाश्माचे. सज्जाखालचे दगडी घोडे म्हणजे तिरके आधार, आणि जाळ्या बघायच्या त्या पहिल्या मजल्यावर. खाली शटरं बसली, वर कुणी हात लावला नाही.

नाश्ता याच वेळी. बेडई (डाळीच्या सारणाची पुरी) आणि भाजी नऊपर्यंतच ताजी मिळते. नया बाजारात बहादुराचे बुंदीचे लाडू, तुपातले आणि मऊ, लांबच्या प्रवासाला फार टिकत नाहीत.

सूरपेटी
हजिऱ्याचं कुणीच नीट बोललं नाही. मुहम्मद घौसचा मकबरा आणि त्याच आवारात तानसेनची समाधी. गुजरी महालापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं, म्हणून पहिल्या दिवशी सकाळी आठला आधी हेच, मग गुजरी महाल. सगळं सपाट आहे, आईंना सर्वांत सोपं ठिकाण. मकबऱ्याच्या चारी बाजूंना दगडी जाळ्या, दर चौकटीत नक्षी वेगळी. बाहेरून काळपट भिंत दिसते. आत जाऊन सूर्याच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं की जाळी दिसते. तानसेनची समाधी त्यामानाने अगदी लहान, उघड्या खांबांच्या मंडपात. शेजारच्या चिंचेचा पाला गायक खातात. आजचं झाड मूळचं नाही, पण रीत चालू आहे.

तुमची तारीख तानसेन समारोहाच्या आसपास येते आहे. 1924 पासून होतो, डिसेंबरात, प्रवेश मोफत. त्या दिवसांत हॉटेलं आधी भरतात, आजच बुकिंग करा. सकाळच्या सभेला सतरंजीवर बसावं लागतं. आईंसाठी खुर्ची हवी तर लवकर पोहोचा.

आणि मराठी संबंध विचारत असाल तर तो इथेच सर्वांत खोल आहे. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँची गायकी वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी घेतली आणि दक्षिणेत आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. महाराष्ट्रात आज ख्याल ज्या तऱ्हेने शिकवला जातो त्यातला मोठा भाग या गावातून आला. वेळ मिळाला तर जिवाजीगंजातलं सरोद घर बघा, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर, आता वाद्यांचं संग्रहालय.

पायपीट
बटेश्वर-मितावली दोन दिवसांत बसवता येईल का? मुरारचं सूर्यमंदिरही यादीत दिसतं.

मुरार_कट्टा
सूर्यमंदिर 1988 चं, कोणार्कच्या धर्तीवर. बाग छान ठेवली आहे, पण कोणार्क बघितलेल्यांनी आणि वेळ कमी असलेल्यांनी सोडावं.

बटेश्वर, पडावली, मितावली मुरैना जिल्ह्यात एकमेकांजवळ आहेत. ग्वाल्हेरहून साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर, आतला रस्ता अरुंद, अर्धा दिवस पूर्ण जातो. तिसरा दिवस असेल तरच. मितावलीचं गोल चौसष्ट योगिनी मंदिर टेकडीवर आहे, शंभरेक पायऱ्या. बटेश्वर मात्र सपाटीवर. सुमारे दोनशे लहान मंदिरांचा नुसता ढिगारा पडला होता. 2005 पासून पुरातत्त्व सर्वेक्षणाने दगड जुळवून त्यांतली बरीच उभी केली. उभी मंदिरं आणि बाजूला अजून न जुळलेले दगड एकत्र बघायला मिळतात. जेवणाची सोय धरून चालू नका, पाणी-डबा बरोबर न्या.

श्योपूरच्या छोट्या नॅरो गेज गाडीबद्दल अजून विचारणा होते. ती 2020 पासून बंद आहे.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. शेवटचं: जाताना पंजाब मेल, येताना तीच किंवा झेलम असा विचार आहे. थंडीत उशीर होतो का? आणि गजक घरी न्यायची तर कुठली, किती दिवस टिकते?

फूलबाग_चौक
जाताना फारसा त्रास नाही, गाडी दक्षिणेकडून येते. येताना त्रास. पंजाब मेल फिरोजपूरहून आणि झेलम जम्मूहून येते. डिसेंबरच्या उत्तरार्धात पंजाब-दिल्ली पट्ट्यात धुकं दाटलं की त्या ग्वाल्हेरला येईपर्यंत तासन्‌तास मागे पडतात. हॉटेल सोडण्याआधी गाडी मथुरा-आग्र्याच्या पुढे आली का ते बघा, मगच निघा. आईंना उघड्या फलाटावर बसवू नका. नाशिकहून पुढे लगेच दुसरं काही ठरवू नका.

गजक मुरैन्याची, 2023 पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. ग्वाल्हेरात सगळीकडे मिळते. खस्ता गजक घ्या: तीळ-गुळाचा गरम गोळा लाकडी मोगरीने कुटून पदर काढलेले असतात. घेताना एक वडी मोडून बघा, ती पदरापदराने सुटली पाहिजे. काचेसारखी एकदम तुटली तर ती नुसती चिक्की. पुठ्ठ्याच्या डब्यात, हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत चुरा होतो. घरी गेल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. ओल लागली नाही तर पंधरा-वीस दिवस खुसखुशीत राहते.